जानेवारीत बोन्साय मांडायचं, तर तयारी ऑगस्टात

प्रश्न : पुण्यात गच्चीवर बरीच वर्षं बोन्साय करतोय. वड, कामिनी, बोगनवेल, चिंच आणि एक जुनिपर आहे. आमच्या गटाचं प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस आहे आणि यंदा दोन झाडं द्याच, असा आग्रह झाला आहे. कोणती न्यावीत? तयारी कधीपासून करावी? तिथे नेमका काय अनुभव येतो? आणि झाडांना इजा तर होणार नाही ना?

उत्तर :

प्रश्न ऑगस्टमध्ये विचारलात ते बरं झालं. डिसेंबरात विचारला असतात तर म्हटलं असतं, यंदा नुसते बघायला जा आणि जमलं तर एक दिवस स्वयंसेवक म्हणून उभे राहा. आता हाताशी पाच महिने आहेत. वड आणि कामिनीला तेवढे पुरतात.

आधी निवडीचं बोलू. पहिल्यांदा भाग घेणारा माणूस बहुधा गच्चीवरचं सगळ्यात जुनं किंवा सगळ्यात लाडकं झाड उचलतो. मी तसं सुचवणार नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, छपराखाली, एकाच बाजूने, अनोळखी माणसं दोन-तीन दिवस बघणार आहेत. त्या वेळी, त्या जागी कोणतं झाड तजेलदार असेल, ते न्यायचं. प्रदर्शनाची तारीख काही झाडाला विचारून ठरत नाही. ती ठरते थंडीवरून, सुट्ट्यांवरून आणि जागा कधी मिळते त्यावरून. पुण्यातलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे असतं, मुंबईत राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शनही साधारण त्याच हंगामात असतं, आणि बोन्साय करणाऱ्यांचे गटही तोच मोसम धरतात. फुलांच्या दृष्टीने तो काळ उत्तम. पण आपण कुंडीत वाढवतो ती निम्म्याहून अधिक झाडं वड, उंबर, पिंपळ, नांदरुक अशी उष्ण हवेतली. पुण्याच्या थंडीत ती वाढायचं जवळजवळ थांबवतात. त्यामुळे झाडाचं वेळापत्रक आणि प्रदर्शनाचं वेळापत्रक झाडाला न दमवता जुळवणं, हीच यातली खरी मेहनत आहे.

जपानमध्येही मोठं प्रदर्शन थंडीतच होतं. टोकियोत उएनो इथल्या कलासंग्रहालयात १९३४ साली सुरू झालेलं 'कोकुफू' फेब्रुवारीत भरतं. पण तिथे मेपलसारखी पानगळीची झाडं त्या वेळी निष्पर्ण असतात आणि ती तशीच मांडतात. प्रेक्षकही बारीक काटक्यांची जाळी बघायलाच येतात, कारण वर्षानुवर्षांची छाटणी पानांमागे लपत नाही. आपल्याकडे डाळिंब थंडीत पानं टाकतं आणि तसं मांडलं तर छानही दिसतं, फक्त तीन दिवस "हे वाळलंय का हो?" या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी हवी. वड काही आपण होऊन अशी संधी देत नाही. त्याची पानं असतात, मोठी असतात, आणि डिसेंबरपर्यंत त्यांच्या कडा करपून, धूळ बसून ती निस्तेज झालेली असतात.

तुमच्या यादीतून मी वड आणि कामिनी घेईन.

कामिनी सगळ्यात भरवशाची. पान लहान आणि चकचकीत, खोड फिकट आणि जुनाट दिसणारं, शिवाय जागा बदलली म्हणून रुसत नाही. तिचा फुलांचा मोठा बहर पावसाळ्यातला, त्यामुळे जानेवारीत फुलांची आशा धरू नका. चार लाल फळं टिकली तर तेवढी शोभा पुरे. बोगनवेल लोकांना हमखास खेचते, पण ती जोखीम आहे. छाटणीनंतर रंगावर यायला तिला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीला छाटावी लागेल. त्यात थंडी जास्त पडली तर ती लांबते. रंगात आलेली बोगनवेल सावलीच्या सभागृहात नेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेबलाभोवती गुलाबी सडा. तिसरं झाड म्हणून न्यायचं असेल तर न्या, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

चिंचेची गंमत वेगळीच आहे. चिंच रात्री पानं मिटते. संध्याकाळी सहा-सातला, म्हणजे नेमकी गर्दीच्या वेळी, तुमचं झाड मरगळल्यासारखं दिसणार आणि येणारा प्रत्येक जण सांगणार की याला पाणी घाला. परीक्षण सकाळी असेल तर प्रश्न नाही, पण पहिल्याच वेळी कशाला हा व्याप? जुनिपर पुण्यात जगतं, पण ते दाट, निरोगी आणि कोवळ्या शेंड्यांनी भरलेलं असेल तरच मांडावं. प्रदर्शन आलं म्हणून शेंडे कातरत बसू नका. पात्यांच्या मधोमध कात्री चालली की टोकं तपकिरी होतात आणि तो तपकिरीपणा आठवडेच्या आठवडे दिसत राहतो.

रोपवाटिकेत मिळणारी, इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली आयात फायकसची झाडं किंवा ती फुगीर मुळांची 'जिनसेंग' झाडं प्रदर्शनात आणणारे दर वर्षी कोणीतरी असतात. माझं मत स्पष्ट आहे. त्यांत तुमचं काम काही नाही, आणि ज्याला दोन वर्षांचा अनुभव आहे त्याला ते दारातूनच कळतं. बऱ्याच प्रदर्शनांत झाड ठरावीक काळ तुमच्या ताब्यात असलं पाहिजे असा नियमही असतो.

आता वडाकडे. कुंडी बदलायची असेल तर याच महिन्यात बदला, पाऊस आहे तोवर. डिसेंबरात नव्या ट्रेमध्ये घातलेलं झाड मुळं धरत नाही. ते हलतं, आणि मांडणीच्या गडबडीत कोणीतरी ते खोडाला धरून उचलतंच. पण एक लक्षात ठेवा: ऑगस्टात मुळं बरीच छाटली असतील, तर नोव्हेंबरात सगळी पानं काढू नका. एका हंगामात झाडाला एकच मोठा धक्का. तशा वेळी फक्त मोठी आणि खराब पानं उतरवा.

मुळांना हात लावला नसेल आणि झाड जोमात असेल, तर पूर्ण डिफोलिएशन करा, म्हणजे सगळी जुनी पानं उतरवा. मी पुण्यात ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करते. पुस्तकांत आणि व्हिडिओत 'प्रदर्शनाआधी चार ते सहा आठवडे' असं सांगितलेलं असतं. उबदार हवेत ते बरोबरच आहे. मुंबईत किंवा कोकणात डिसेंबरच्या मध्यालाही जमून जातं. पुण्यात मात्र रात्री दहा-बारा अंशांवर पारा आला की कळ्या जागच्या जागी थांबतात आणि प्रदर्शनाला अर्धवट उघडलेलं झाड न्यायची पाळी येते. पानं काढण्याआधी दोन-तीन आठवडे पेंडीचं पातळ खत द्या. पान ओढून काढू नका. देठ ठेवून पातं कात्रीने कापा, देठ आपोआप गळतो. शेंड्यावरची कळीही खुडा, म्हणजे मागच्या कळ्या फुटतात. चीक गळेल, त्यावर पाण्याचा फवारा मारला की थांबतो. नंतर झाड पूर्ण उन्हात ठेवा आणि पाणी कमी करा, कारण पानंच नाहीत तर पाणी खर्च कुठून होणार? नवी पानं ऊन खात आली तर लहान आणि जाड होतात, सावलीत आली तर पुन्हा पूर्वीएवढी. पारंब्या हव्या असतील तर त्या आत्ताच, पावसाळ्यात. शीतपेयाची नळी उभी चिरून पारंबीभोवती घालायची आणि आत ओलं शेवाळ भरायचं. जमिनीला टेकून ती जाड व्हायला वेळ लागतो. ऐन प्रदर्शनात नळ्या लटकलेल्या नकोत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडाची दर्शनी बाजू पक्की करा. गच्चीवर आपण झाड वरून बघतो, कारण ते जमिनीवर किंवा गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावर असतं. प्रदर्शनात ते छातीच्या उंचीवर असतं आणि बघणारा जवळजवळ समोरून बघतो. हा फरक फार मोठा आहे. वरून भरगच्च दिसणारं झाड समोरून बघितलं की खालच्या फांद्यांखाली मोकळी पोकळी दिसते, एकाच उंचीवर समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्या दिसतात, शेंडा मागे गेलेला दिसतो. म्हणून झाड स्टुलावर चढवा, मागे पांढरी चादर बांधा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, तेही कृष्णधवल. हिरवा रंग नसला की डोळा खोडाच्या रेषेवर जातो. तळाशी पसरलेली मुळं, म्हणजे नेबारी, ज्या बाजूने उत्तम दिसतात आणि खोड ज्या बाजूने वर जाताना निमुळतं होत जातं, ती बाजू पुढे घ्या. शेंडा किंचित प्रेक्षकाकडे झुकलेला हवा. कुंडीच्या कडेला दर्शनी बाजूला खडूने खूण करून ठेवा. मांडणीच्या सकाळी झाड दुसराच कोणी टेबलावर ठेवत असतो.

फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार असलीच तर नीट असावी. एका फांदीवर एकमेकींना ओलांडणाऱ्या तीन तारा बघून परीक्षकाचं मन उडतं. रुतायला लागलेली तार आत्ता काढा, म्हणजे वळ थोडे बुजतील. ताणाच्या दोऱ्या, खाली ओढलेले दगड, आधाराच्या काटक्या हे सगळं डिसेंबरपर्यंत उतरलेलं हवं. तोवर फांदी जागेवर बसली नसेल, तर ते झाड पुढच्या वर्षीचं.

कुंडीबद्दल नियम बरेच आहेत, मी दोनच बघते. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी. वडाचा विस्तार आडवा, त्यामुळे त्याला पसरट, उथळ, चकाकी नसलेला मातकट ट्रे शोभतो. कामिनीला फिकट क्रीम किंवा निळसर चकाकी चालते. बोअरच्या पाण्याने कुंडीवर चढलेले क्षारांचे पांढरे थर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. व्हिनेगर मातीत उतरू देऊ नका. मग तेलाचा अगदी हलका हात फिरवा. खोड मऊ टूथब्रशने पाण्याखाली घासलं की धूळ आणि हिरवट बुरशी जाते.

शेवाळाची सोय आत्ताच करायची, नाहीतर जानेवारीत मिळत नाही. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर, जिन्याच्या कडेला जे बारीक मखमली शेवाळ येतं ते पातळ उलथन्याने अलगद सोडवा, सावलीत वाळवा आणि कागदी पिशवीत ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला ते चुरून मातीवर भुरभुरायचं आणि रोज फवारा मारायचा. ते पुन्हा हिरवं होतं. सगळी माती झाकू नका, मुळांच्या मधून थोडी माती दिसू दे. ऐन वेळी बाजारातलं जाड शेवाळ गालिच्यासारखं अंथरलं की ते पहिल्या दिवशी हिरवं आणि तिसऱ्या दिवशी पिवळं. रंगीत गारगोट्या, चिनी मातीचा पूल, बगळा, झोपडी यांतलं काहीही नको. तुमच्या गटातले काही जण ठेवतील, ठेवू देत.

प्रवेशअर्ज नीट वाचा. चांगली झाडं इथे अकारण बाद होतात. उंची कुंडीच्या काठापासून मोजायची की टेबलापासून, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असू शकतं आणि दोन इंचांनी स्पर्धेतला गट बदलतो. शैलीचा रकाना विचारपूर्वक भरा. थोडं कललेलं खोड म्हणजे तिरपी शैली नव्हे. वळणं घेत वर गेलेलं आणि शेंडा बुंध्याच्या वर आलेला असेल तर ते 'मोयोगी'. चुकीच्या गटात गेलेल्या झाडाला गुण देण्याऐवजी परीक्षक 'नियमानुसार नाही' असा शेरा मारून पुढे जातात, आणि त्यांचंही बरोबर असतं.

वयाचा रकानाही तसाच. लोकांना मोठा आकडा आवडतो म्हणून पंचवीसचे चाळीस करणारे आहेत. रोपवाटिकेतून जाड खोड आणलं असेल तर त्याचं खरं वय तुम्हाला कसं कळणार? त्यापेक्षा 'अमुक सालापासून कुंडीत' असं लिहावं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेला पांढरा पाइन आहे, यामाकी कुटुंबाने १९७६ साली अमेरिकेला भेट दिलेला. त्याच्याबद्दलही '१६२५ पासून संगोपनात' असंच सांगितलं जातं. झाड त्याहून जुनं असेलच, पण कुंडीतलं आयुष्य तेवढं. ही पद्धत मला पटते.

वाहतुकीला मी परीक्षणापेक्षा जास्त घाबरते. पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर घाला. निघायच्या सकाळी घातलं तर कुंडी जड होते आणि चिखल गळतो. झाड कुंडीला आतून तारेने बांधलेलं असतंच, पण कुंडी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसवून चहूबाजूंनी जुन्या चादरी आणि फोमचे तुकडे कोंबा. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागता कामा नयेत. उघड्या टेम्पोत वाऱ्याने कोवळी पानं करपतात, म्हणून वरून शेडनेट बांधा. प्लास्टिक नको, आत वाफ धरते. ड्रायव्हरच्या शेजारी तुम्ही बसा. गतिरोधक आला की त्याला आठवण करून देणारं माणूस लागतंच. दोन-तीन जणांनी मिळून टेम्पो केला तर खर्च वाटला जातो, पण चढवताना-उतरवताना ज्याचं झाड त्यानेच उचलायचं, कुंडीला दोन्ही हात लावून.

सोबत एक पिशवी न्या: फवारणीची बाटली, स्पंज, छोटी कात्री, चिमटा, मऊ ब्रश, जुना टॉवेल, पाचर म्हणून लाकडाच्या चिपा (टेबलं सरळ नसतात), थोडं शेवाळ, तार-कटर. पहिल्या दिवशी निम्म्या गटाला तुमच्या पिशवीतलं काहीतरी लागणार.

मांडताना झाड टेबलाच्या अगदी मधोमध ठेवू नका. त्याचा कल ज्या दिशेला आहे तिकडे थोडी मोकळी जागा जास्त सोडा. शेजारच्या झाडाशी फांद्या भिडल्या तर संयोजकांना लगेच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही. खाली लाकडी पाट किंवा स्टँड असेल तर त्याचा रंग कुंडीपेक्षा गडद आणि आकार साधा. कुंडीच्या काठावरून खाली झुकणाऱ्या, म्हणजे केंगाई शैलीच्या झाडाला उंच स्टँड लागतं आणि ते मागून बांधावं लागतं; मुलं टेबलाला धक्का देतात, मोठेही देतात. पाणी घालताना कापडावर डाग पडतो म्हणून कुंडीखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवून ठेवा, बाहेरून दिसणार नाही इतका.

परीक्षणाच्या वेळी स्पर्धकांना बाहेर काढतात. परीक्षक वाकून मुळं बघतात, मग खोड, मग पहिली फांदी, मग बारीक फांद्यांची विभागणी, शेवटी कुंडी आणि एकंदर तब्येत. कीड दिसली की बाकीचं सगळं फिकं पडतं. निकाल तुम्हाला पटेलच असं नाही. एका परीक्षकाला जपानी शिस्त हवी असते, दुसऱ्याला वड वडासारखा, ऐसपैस पारंब्यांसकट हवा असतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. वडाला पाइनच्या साच्यात घालून त्रिकोणी करणं मला रुचत नाही, पण असं झाड मांडलं तर काही ठिकाणी गुण कमी मिळतात हेही माहीत असावं. निकाल लागल्यावर परीक्षकांना गाठा आणि नेमकं विचारा, "सर, पुढच्या वर्षापर्यंत यात काय करू?" बहुतेक जण आनंदाने सांगतात. झाडापाशी उभं राहून मिळालेली ती पाच मिनिटं प्रमाणपत्रापेक्षा उपयोगाची असतात. "ही फांदी आतल्या वळणावर आहे, काढा" हे वाक्य ऐकताना वाईट वाटतं, कारण ती फांदी आपल्यालाही वर्षभर खुपत असते.

आणि मग लोक येतात. दिवसभर उभं राहायची तयारी ठेवा, पायांत सपाट चप्पल हवी. ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. वय किती, हा पहिला. फळ लागतं का आणि खाता येतं का, हा दुसरा. लागतं, आणि खाताही येतं; पान लहान होतं पण फळाचा आणि फुलाचा आकार फारसा लहान होत नाही, म्हणूनच बोन्सायवरचा चिकू झाडाच्या मानाने भलताच मोठा दिसतो. विकणार का, हा तिसरा.

चौथा येतो तो थोडा दबक्या आवाजात: घरात बोन्साय ठेवणं वास्तूला चांगलं नाही म्हणतात, खरं का? मी वाद घालत नाही. वडाला ऊन लागतं, तो घरात ठेवायचाच नसतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवा, म्हणजे वास्तुशास्त्रही खूश आणि झाडही. पाचवा प्रश्न गंभीर असतो आणि तो विचारणारा माणूस बहुधा खरोखर झाडांवर प्रेम करणारा असतो: तुम्ही झाडाला वाढू देत नाही, हा छळ नाही का? त्याला मी गडांच्या तटबंदीत उगवलेले उंबर-पिंपळ आठवायला सांगते. मूठभर मातीत मुळं गेलेली, वाऱ्याने वाकलेली, वर्षानुवर्षं कमरेएवढीच राहिलेली. तिथे कोणी पाणी घालत नाही, मुळं मोकळी करत नाही, खत देत नाही. कुंडीतल्या झाडाला हे सगळं मिळतं. छळ होतो तो हौसेने आणून नंतर पाणी घालायला विसरलेल्या झाडाचा. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. पटलंच पाहिजे असा हट्ट धरू नका, मागे रांग थांबलेली असते.

'हात लावू नये' ही पाटी कोणी वाचत नाही. वडाचं पान खरं आहे का, हे बघायला लोक ते नखाने खरवडतात. कुंतीची फळं मुलांच्या खिशात जातात (कामिनीला आपल्याकडे कुंतीही म्हणतात, त्या नावाने विचारणारे भेटतील). अगदी लहान, तळहातावर मावणारी 'मामे' झाडं कधीकधी कुंडीसकट नाहीशी होतात, म्हणून ती काचेच्या किंवा दोरीच्या आड असावीत आणि तिथे कायम माणूस असावा. संध्याकाळच्या गर्दीत तुमच्या टेबलापाशी तुम्ही किंवा घरचं कोणीतरी थांबा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर २६ जानेवारीला त्यांचा दुसराच बेत असतो.

सभागृहात वातानुकूलन असेल तर पानं लवकर कोमेजतात. सकाळी दारं उघडण्याआधी आणि रात्री बंद झाल्यावर फवारा मारा, माती बोटाने बघूनच पाणी घाला. दिव्याच्या झोताखाली झाड आलं असेल तर दिवा हलवून मागा. तीन दिवसांत निरोगी वडाला किंवा कामिनीला काही होत नाही. आठवडाभर असेल तर मात्र मी रात्री झाड बाहेर काढायची परवानगी मागते, आणि नाही मिळाली तर देत नाही.

इजेबद्दल तुम्ही विचारलंत. खरा धोका प्रदर्शनात नसतो, परत आणताना असतो. शेजारच्या झाडावरचा पिठ्या ढेकूण, खवले कीड, लाल कोळी हे पाहुणे तुमच्यासोबत घरी येतात. म्हणून आलेलं झाड लगेच बाकीच्यांत मिसळू नका. दोन आठवडे वेगळं ठेवा, पानांच्या मागच्या बाजू आणि फांद्यांचे बेचके भिंगातून बघा, नीम तेलाचा एक फवारा मारून घ्या. पहिले तीन-चार दिवस विरळ सावली, मग ऊन. बुंध्याला चिकटून लावलेलं शेवाळ काढून टाका, त्याखाली साल ओली राहते आणि नेबारी कुजते. खत पंधरा दिवसांनी.

बक्षीस मिळालं तरी त्या झाडावर लगेच प्रयोग नकोत, आणि पुढच्या वर्षी तेच झाड पुन्हा मांडू नका. दोन वर्षं मोकळं वाढू द्या, फांद्या जाड होऊ देत. वडाची कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारीअखेर, थंडी गेल्यावर. दरम्यान चिंचेकडे बघा. तिच्या खालच्या दोन फांद्या आत्तापासून तारेने खाली आणल्यात, तर ती तयार होईल, आणि तोवर तुमच्या गटातल्या परीक्षणाची वेळ सकाळची आहे की संध्याकाळची, हेही तुम्हाला कळलेलं असेल.